सभेला हजर : दिनकर मगदूम

दिनकर मगदूम माझा वीस वर्षांचा शेजारी. नेदरलँड्समधल्या वेल्डहोवनमध्ये आमच्या दोघांच्या परसांत एकच कुंपण आहे, आणि ते कुणी रंगवायचं हे अजून ठरलेलं नाही. मी ब्रेडाच्या एका मालवाहतूक कंपनीत कारकुनी करतो, तो संशोधक आहे. पण कुंपणापाशी आम्ही दोघंही सारखेच अडाणी असतो.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हा माणूस युरोपातल्या तरुण संशोधकांच्या अकादमीवर निवडून आला, असं मी कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मानद का?" मानद नव्हे. रीतसर अर्ज करून, मुलाखत देऊन, मतं मिळवून.

ते कसं झालं ते सांगतो. दिनकर मूळचा इचलकरंजीचा. घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग, त्यामुळे जमीन हलत नाही अशी जागा जगात असते हे त्याला म्हणे शिकायला सांगलीला गेल्यावर कळलं. इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली, दोन हजार एक साली इकडे आला. चिप बनवणाऱ्या यंत्रांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत तो यंत्रांची थरथर कमी करायचं काम करायचा. दोन हजार बारा साली त्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात पंचेचाळिसाव्या वर्षी हा घरी बसला. चार महिने तो कुंपणापाशी उभा राहून माझ्याशी काहीही बोलला नाही. पाचव्या महिन्यात म्हणाला, "शिरीष, मी पीएचडी करतोय." विषय होता चर्चच्या जुन्या घंटामनोऱ्यांची कंपनं. घंटा वाजली की मनोरा किती हलतो, विटांना काय होतं, असलं सगळं. पन्नाशीला पदवी हातात आली. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर सत्कार झाला तेव्हा तो म्हणाला, "मला कंपनीनं काढलं आणि कंपनानं तारलं." हे वाक्य त्यानं नंतरही चार गणपतींत म्हटलं.

अकादमीची अट एवढीच होती की पीएचडी होऊन सात वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत. दिनकरला तीनच झाली होती. अर्जात जन्मतारीख विचारत नाहीत, कारण वय विचारणं इकडे असभ्य. मुलाखत दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन टाळेबंदीत, कॉम्प्युटरवर झाली. सगळ्या युरोपचं इंटरनेट तेव्हा दमलं होतं, म्हणून सगळ्यांनी कॅमेरे बंद ठेवायचे असं ठरलं होतं. दिनकरचा आवाज मुळात बारीक. त्या पाच परीक्षकांनी काय चित्र डोळ्यांपुढे आणलं असेल ते असो.

त्या वर्षीची वार्षिक सभा व्हायची होती पोर्तुगालमध्ये, झाली सगळ्यांच्या घराघरांत. दिनकरनं इस्त्रीचा शर्ट घातला. खाली लुंगी होती, पण ती टेबलाखाली. अकादमीची अध्यक्ष इनेश नावाची तेहेतीस वर्षांची पोर्तुगीज बाई. ती नव्या सदस्यांचं एकेक करून स्वागत करत होती. दिनकरचा चौकोन उघडला, त्यात पांढऱ्या मिशा दिसल्या. इनेश गोड हसून म्हणाली, "नमस्कार! दिनकर आहे का तिथे? त्याला जरा बोलवता का?"

"मीच दिनकर."

कुणाचं तरी मांजर म्यावलं तेवढंच. मग इनेश म्हणाली, "अर्थातच! अर्थातच!" आणि लाल झाली. दिनकरची मुलगी आर्या तेव्हा कॉलेज बंद म्हणून घरी होती. ती जिन्यात बसून हे ऐकत होती. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की डच नाहीतर इंग्रजी. ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "आई! दे थिंक बाबा इज हिज ओन फादर!"

शामलावहिनींनी स्वयंपाकघरातूनच उत्तर दिलं, "मग त्यांचं काय चुकलं?"

पण दिनकरनं ते वर्ष नेटानं काढलं. प्रत्येक ऑनलाइन बैठकीला दोन मिनिटं आधी हजर. इतिवृत्त वाचून येणारा तो एकटाच. तरुण मंडळी त्याला 'मिस्टर मगदूम' म्हणत. एकमेकांना मात्र ती नुसत्या नावानं हाक मारत. हे त्याला खटकायचं, पण बोलला नाही.

मग दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात एक ईमेल आलं. व्हिएन्नाचा क्लेमेन्स नावाचा छत्तीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ सदस्य होता. त्यानं नियमदुरुस्ती सुचवली होती : सदस्याचं वय पंचेचाळीसच्या आत असावं, आणि ही अट असलेल्या सदस्यांनाही लागू व्हावी. कुणाचं नाव घेतलेलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. अठ्ठेचाळीस सदस्यांपैकी सत्तेचाळीस जण पंचेचाळिशीच्या आतले होते.

दिनकर कुंपणापाशी आला. हातात झाडं छाटायची कात्री.

"बरोबरच आहे त्याचं," तो म्हणाला.

"काय बरोबर? तुला काढायला बघतोय तो."

"तरुणांची अकादमी आहे. मी काय तरुण आहे?" असं म्हणून त्यानं त्यांच्या बाजूची झुडपं इतकी छाटली की वहिनींना पुढचं वर्षभर शेजारच्या माझ्या सायकली दिसत राहिल्या.

दुरुस्तीवर मतदान व्हायचं होतं जुलैच्या वार्षिक सभेत. दोन वर्षांनी पहिल्यांदाच माणसं समोरासमोर भेटणार होती, आणि या खेपेला जागा होती ग्रोनिंगन. सभागृह घेतलं होतं, ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी मोठा पडदा लावायचा होता. जूनच्या शेवटी सगळे खुशीत होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात देशातले कोरोनाचे आकडे एकदम वर गेले. शेजारच्या देशांनी नेदरलँड्सहून येणाऱ्यांना घरात बसवायला सुरुवात केली, विद्यापीठांनी प्रवास बंद केले, आणि अकादमीचे सदस्य गळायला लागले.

आता गंमत बघा. लस आधी म्हाताऱ्यांना, मग उतरत्या वयानं बाकीच्यांना. तरुण अकादमीतल्या तरुणांचे दुसरे डोस अजून व्हायचे होते. दोन्ही डोस होऊन वर पंधरा दिवस उलटलेला, मोबाइलवर हिरवा चौकोन दाखवू शकणारा आणि याच देशात राहणारा सदस्य एकच उरला. या देशात आणखी दोघं होते, पण एकाची बायको बाळंतपणाला टेकली होती, आणि दुसरी खुद्द ग्रोनिंगनची. तिच्या घरातली जोडीदारीण आजारी पडल्यामुळे ती सभागृहापासून आठशे मीटरवर कोंडून बसली होती.

गुरुवारी संध्याकाळी अकादमीच्या कार्यालयातून हिल्केबाईंचा फोन आला. "मिस्टर मगदूम, तुम्ही येताय ना?"

"येतोय."

"नक्की? ताप, खोकला, काही नाही ना?"

"काही नाही."

"शिंक?"

"नाही हो."

"देवाची कृपा," हिल्केबाई म्हणाल्या, आणि मग खरं काय ते सांगितलं. गेल्या वर्षीची ऑनलाइन सभेची सूट संपली होती. नियमावलीप्रमाणे सभा जाहीर केलेल्या ठिकाणी, निदान एका सदस्याच्या हजेरीत भरलीच पाहिजे. नाहीतर नवी कार्यकारिणी नाही, नवे सदस्य नाहीत, वर्ष फुकट.

शामलावहिनींनी ट्रेनला साफ नकार दिला. "अहो, तीन तास डब्यात बसून जाणार आणि तिथं पोचून शिंकणार! मग त्या बाईनं काय करायचं?" मग माझ्याकडे वळल्या. "शिरीषभाऊजी, तुम्ही गाडीनं न्या यांना. तुमचेही दोन्ही झालेत, आणि तुम्ही घरून काम करता म्हणजे काय करता ते मला दिसतं खिडकीतून."

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. मांडीवर थालिपिठांचा डबा, पायाशी थर्मास, खिशात सॅनिटायझर. दिनकर गाडीत नियमावली वाचत होता. बावीस पानं, दोनदा.

"कशाला एवढं?" मी म्हटलं.

"कोथरूडला असताना तीन वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो मी," तो म्हणाला. "नियम न वाचता सभेला गेलं की पार्किंगवाले माणसाला खातात."

ग्रोनिंगनला सभागृहाच्या दारात हिल्केबाई उभ्या होत्या. दारातून वाकून यावं लागेल एवढी उंच बाई, पन्नाशीची. त्यांनी दोघांचे हिरवे चौकोन तपासले. तपासणीसाठी टेबल, दोन रांगांच्या दोऱ्या, बाणांच्या खुणा असं सगळं मांडलेलं होतं. बारा सेकंदांत आटोपलं. आत दीड-दीड मीटरवर अठ्ठेचाळीस खुर्च्या, प्रत्येकीवर नावाची पाटी आणि एक कापडी पिशवी. पुढे भिंतभर पडदा, त्यावर चव्वेचाळीस चेहरे. मागे यंत्रं सांभाळणारा माणूस. मला हिल्केबाईंनी कोपऱ्यात 'निरीक्षक' म्हणून बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी काहीतरी म्हणून बसवलं.

"कुठं बसू?" दिनकरनं विचारलं.

"व्यासपीठावर," पडद्यावरून इनेश म्हणाली. "मिस्टर मगदूम, आज तुम्हीच अध्यक्ष. मी तिथे नाही, तेव्हा नियमाप्रमाणे हजर सदस्यांपैकी वयानं ज्येष्ठ तो अध्यक्ष."

"आणि सर्वांत तरुण तो अध्यक्ष असा नियम असता, तरी तुम्हीच असता," असं गेंटचा योरिस म्हणाला. हा योरिस कायद्याचा प्राध्यापक. पुस्तकांच्या कपाटापुढे बसलेला, आणि अडचण दिसली की खुलणारा. तो पुढे म्हणाला, "माफ करा, पण एक मुद्दा आहे. नियमावली नऊ वर्षांपूर्वीची आहे. तीत 'हजर सदस्य' म्हणजे सभेच्या जागी असलेले सदस्य. पडद्याचा उल्लेख नाही. म्हणजे या क्षणी सभेला एक सदस्य हजर आहे. गणपूर्ती सोळाची."

चव्वेचाळीस चेहरे उतरले. हिल्केबाईंनी कपाळाला हात लावला. दिनकर मात्र उजळला. मला त्याचा चेहरा ओळखीचा आहे, कोथरूडच्या गोष्टी सांगताना असाच होतो.

"मग सभा अर्धा तास तहकूब," तो म्हणाला.

"म्हणजे?" इनेशनं विचारलं.

"आमच्या सोसायटीत दर वर्षी हेच व्हायचं. दोनशे फ्लॅट, यायचे अकरा जण. अर्धा तास थांबायचं आणि त्याच जागी पुन्हा सभा भरवायची. तेव्हा गणपूर्ती लागत नाही. तुमच्या नियमावलीतही आहे. कलम चौदा, शेवटची ओळ. पुन्हा त्याच दिवशी भरवता येते."

योरिसनं घाईनं पानं उलटली. बराच वेळ वाचलं. मग चष्मा काढून म्हणाला, "हे कलम मी कधी वाचलंच नव्हतं." कायद्याच्या माणसाच्या तोंडून हे ऐकून दिनकरला केवढा आनंद झाला ते पाठीवरूनही दिसत होतं.

अर्धा तास तहकुबी. पण कॅमेरा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. दिनकरनं डबा उघडला. पडद्यावरचे लोक जागचे हलेनात, दीड वर्ष घरात बसलेली माणसं ती, दुसऱ्याचं जेवण बघण्यातही त्यांना बरं वाटत असावं. यंत्रवाल्यानं कॅमेरा जवळ नेला आणि थालीपीठ भिंतभर झालं.

"ते काय आहे?" इनेशनं विचारलं.

दिनकरनं अध्यक्षांच्या जागेवरून भाजणीची कृती सांगितली. एलिना नावाच्या फिनलंडच्या बाईनं लिहूनही घेतली. हिल्केबाईंनी एक तुकडा खाल्ला, दोन पेले पाणी प्यायल्या आणि आणखी एक तुकडा घेतला.

अर्ध्या तासानं सभा पुन्हा सुरू झाली. योरिस म्हणाला, "आता कायद्यानं सभा वैध आहे. आणि एक सांगतो, या घडीला मताचा अधिकार फक्त मिस्टर मगदूम यांना आहे. जो ठराव ते मांडतील आणि ज्याला ते हात वर करतील, तो मंजूर."

क्लेमेन्सनं हात वर केला. केस विस्कटलेले, मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं. "म्हणजे माझ्या दुरुस्तीवर एकटे मिस्टर मगदूम मत देणार?"

"कायद्यानं, होय."

पडद्यावर कुणीतरी फस्सकन हसलं. मला राहवलं नाही. मी कोपऱ्यातून म्हणालो, "दिन्या, हीच वेळ आहे. आधी त्याचा निकाल लाव, मग चहा पिऊ." माझ्यापुढेही माइक ठेवलेला होता हे मला माहीत नव्हतं. भिंतीवरून माझं मराठी घुमलं.

"गप रे," दिनकर माइकमध्ये म्हणाला. मग इंग्रजीत, "निरीक्षकांनी एक सूचना केली आहे. ती फेटाळण्यात येत आहे." इतिवृत्तात हे दोन्ही आहे.

नंतर तो उभा राहिला. "ठराव पहिला. पडद्यावर असलेले सर्व सदस्य सभेला हजर समजण्यात यावेत. सूचक, दिनकर मगदूम." इथे तो अडला. "अनुमोदक कोण?"

"अनुमोदक लागत नाही," योरिस म्हणाला.

"अनुमोदकाशिवाय ठराव?" दिनकरला ते काही पटेना. पण वेळ जात होता. "बरं. बाजूनं?" त्यानं स्वतःचा हात वर केला. "विरोधात?" असं म्हणून त्यानं सभागृहभर नजर फिरवली. सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून, अगदी मागच्या ओळीपर्यंत, एकेकीला संधी देत. "ठराव एकमतानं मंजूर."

चव्वेचाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे माइक बंद होते, त्यामुळे आवाज काही आला नाही. हात हलताना मात्र दिसले.

दुपारपर्यंत नव्या सदस्यांची भाषणं झाली, कार्यकारिणी निवडून आली. जेवणाच्या सुट्टीत हिल्केबाईंची पंचाईत उघड झाली. अठ्ठेचाळीस जणांच्या चीज-पावाची खोकी आली होती, रद्द करायला उशीर झाला होता. आम्ही चौघांनी मिळून पाच संपवली. बाकीची बाईंनी पुढे पेटी असलेल्या त्यांच्या सायकलीत रचली आणि लसीकरण केंद्रावरच्या नर्सेसना देऊन आल्या. सभा वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, तो उशीर अध्यक्षांनी सकारण म्हणून माफ केली.

मग क्लेमेन्सचा विषय. दिनकर म्हणाला, "हा विषय माझ्याबद्दल आहे. मी इथे बसणं बरं नव्हे. कुणीतरी दुसरं बसा."

पण खुर्ची ग्रोनिंगनला, आणि तिथे दुसरा सदस्य नाही. योरिसनं पुन्हा पानं उलटली आणि मान हलवली. तेव्हा दिनकर म्हणाला, "ठीक. मी बोलणार नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं."

क्लेमेन्स चांगलं बोलला, हे मला मान्य करायला हवं. तो म्हणाला, अठ्ठेचाळीसच जागा आहेत. तिशीतल्या माणसाची नोकरी दोन-दोन वर्षांच्या करारावर असते, त्याला घर भाड्यानं मिळत नाही, मूल कधी व्हावं ते करार ठरवतो. त्याला या नावाची, या ओळखींची गरज जास्त. ज्याची घडी बसली आहे त्यानं जागा द्यावी. मध्येच त्याचं चित्र गोठलं, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. दिनकरनं घड्याळ थांबवलं. चित्र हललं तेव्हा म्हणाला, "तुमचं एक मिनिट दहा सेकंद बाकी आहे." मी असतो तर गोठलेलाच ठेवला असता.

मग एलिना बोलली. तिनं आईच्या आजारपणात सहा वर्षं घालवली होती. पुढच्या वर्षी ती एक्केचाळीस होणार होती. "मी तरुण कधी होते ते मला आठवत नाही," ती म्हणाली. "माझं काम मात्र आत्ता सुरू झालंय." आणखी सहा-सात जण बोलले. काही इकडून, काही तिकडून, आणि सगळे दिनकरकडे न बघता. दिनकर सगळ्यांचं नाव, वेळ आणि मुद्दा वहीत लिहून घेत होता.

गुप्त मतदान मोबाइलवर व्हायचं होतं. इथे गाडी अडकली. अध्यक्षांना त्यात शिरता येईना. पासवर्ड चुकला, मग चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखा म्हणाला, त्यात सायकलचा सिग्नल धरायचा की नाही यावर दिनकरचं आणि मोबाइलचं एकमत होईना.

"मिस्टर मगदूम," क्लेमेन्सचा आवाज आला, "वर उजवीकडे तीन रेघा दिसतात का?"

"दिसतात."

"त्या दाबा. आता खाली या. नाही, फार खाली आलात. वर. तिथे 'नवा पासवर्ड'."

"मोठं अक्षर पाहिजे म्हणतोय."

"मग एक मोठं घाला. आणि एक आकडा. मोठ्यानं वाचू नका!"

सहा मिनिटं हे चाललं होतं. ज्याला काढायचं त्यालाच मत कसं द्यायचं ते क्लेमेन्स शिकवत होता, आणि तेही इतक्या सबुरीनं की माझा त्याच्यावरचा राग निम्म्यावर आला. मांडीवर आणून बसवलेलं त्याचं पोर पडद्याला हात लावून दिनकरच्या मिशा ओढू बघत होतं.

मतं पडली पंचेचाळीस. मंजुरीला दोन तृतीयांश, म्हणजे तीस हवी होती. बाजूनं अठ्ठावीस, विरोधात सतरा. दुरुस्ती दोन मतांनी पडली. दिनकरनं आकडे वाचून दाखवले, तेही हवामानाच्या बातम्या वाचाव्यात तसे. क्लेमेन्सनं पडद्यावरून मान झुकवली आणि म्हणाला, "अध्यक्षांनी सभा निःपक्षपातीपणानं चालवली, त्याबद्दल आभार मानावेत." या ठरावाला मात्र अनुमोदकांची रीघ लागली. दिनकरनं सगळ्यांची नावं लिहून घेतली.

साडेपाचला निघालो. बाहेर लख्ख ऊन होतं. हिल्केबाईंनी आम्हाला उरलेल्या कापडी पिशव्यांपैकी अकरा दिल्या. आसन गावाच्या पुढे आलो तेव्हा मी म्हणालो, "वाचलास. दोन मतांनी का होईना."

दिनकर खिडकीबाहेर गाई बघत होता. "त्या सतरांत मला धरू नकोस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी बाजूनं दिलं."

मी गाडी उजव्या पट्टीत घेतली. "तू स्वतःला काढायला मत दिलंस?"

"सकाळी माझ्या एकट्याच्या हातात सगळं होतं, तेव्हा मी ते सोडलं. मग दुपारी गुपचूप स्वतःसाठी मत द्यायचं? लाज वाटली."

"कोरं द्यायचं होतंस!"

"कोरं म्हणजे पळून जाणं. आणि त्या पोराचं मला पटलं रे. एलिनाचंही पटलं. पण मत एकच होतं."

झ्वोला गाव येईपर्यंत मी रेडिओ मोठा लावून ठेवला. झ्वोलाला पेट्रोल भरताना त्यानं मला कॉफी आणून दिली आणि म्हणाला, "शामलाला सांगू नकोस."

घरी पोचल्यावर पाचव्या मिनिटाला त्यानं स्वतःच सांगितलं. वहिनी आमटीला फोडणी देत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"म्हणजे तुम्हाला काढा म्हणणाऱ्या अठ्ठावीस जणांत तुम्ही एक?"

"हो."

"आणि ठेवा म्हणणारे सतरा जण तुम्हाला कधी भेटलेलेही नाहीत?"

"नाही."

"परक्यांना कळतं ते घरच्याला कळत नाही," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, पाठ फिरवूनच, "पण बरं केलंत. नाहीतर तुम्हाला आठ दिवस झोप लागली नसती आणि मलाही लागू दिली नसतीत." आमटी त्या दिवशी कोमट होती, पण दिनकरनं दोनदा वाढून घेतली.

पुढं काय झालं तेही सांगतो. त्या सभेनंतर अकादमीतली मंडळी त्याला दिनकर म्हणायला लागली. इनेशनं नियमावली सुधारायच्या समितीवर त्याला घेतलं, योरिस आणि तो दर पंधरवड्याला अर्धविरामांवरून भांडू लागले. आणि नोव्हेंबरमध्ये, पुन्हा सगळं बंद व्हायच्या बेतात असताना, एका रविवारी त्याला क्लेमेन्सचा फोन आला. त्याचा करार संपला होता. नवा होणार नव्हता. छत्तीस वर्षांचा माणूस, दोन वर्षांचं पोर.

"मला कुणाला विचारावं कळेना," क्लेमेन्स म्हणाला. "तुम्हाला काढलं होतं तेव्हा तुम्ही पहिले काही महिने काय केलंत?"

"काहीच नाही," दिनकर म्हणाला. "तू तेवढं करू नकोस."

मग दर रविवारी दोघं बोलू लागले. दिनकरनं त्याचे अर्ज वाचले, शेजारच्या आइंडहोवन शहरातल्या जुन्या ओळखी काढल्या, मलाही कुणाकुणाला फोन करायला लावलं. दोन हजार बावीसच्या मार्चमध्ये क्लेमेन्स इकडे एका मुलाखतीला आला आणि हॉटेल नको म्हणून मगदुमांकडेच उतरला. पडद्यावर तो बारीक वाटायचा, प्रत्यक्षात दाराएवढा निघाला. त्या दिवशी मीही जेवायला होतो. वहिनींनी पिठलं, भाकरी आणि ठेचा केला होता. क्लेमेन्स घामाघूम होऊन खात होता आणि थांबत नव्हता.

वहिनी भाकरी घेऊन आल्या आणि मराठीत मला म्हणाल्या, "भाऊजी, यांना घालवायला निघाला होता तो हाच का?"

"हाच."

त्यांनी क्लेमेन्सकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्याच्या ताटात तिसरी भाकरी टाकली. तो नको नको म्हणत असतानाच वर लोण्याचा गोळाही ठेवला.

"शामला काय म्हणाली?" क्लेमेन्सनं विचारलं.

"मुलाखत कधी आहे, असं विचारतेय," दिनकर म्हणाला.

"उद्या नऊला."

"मग ठेचा बास," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच्यापुढची वाटी उचलून माझ्यापुढे ठेवली.